जनरेटिव्ह एआय येतं म्हणून प्रोजेक्ट मॅनेजरची किंमत वाढते का?

कोथरूडकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

यंदा अप्रेझलच्या फॉर्मात प्रोजेक्ट मॅनेजरांसाठी एक नवा रकाना आलाय: जनरेटिव्ह एआयचं कौशल्य. कोणते कोर्स केले, कोणती सर्टिफिकेटं मिळवली आणि किती तास वाचवले, हे त्यात भरायचं. हिंजवडी असो की खराडी, ओळखीच्या बऱ्याच जणांकडे थोड्याफार फरकाने हेच चालू आहे. पीएमआय या प्रोजेक्ट मॅनेजरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा एआयवरचा मोफत कोर्स माझ्या टीममधल्या सगळ्यांनी केला. 2024 मध्ये पीएमआयने कॉग्निलिटिका ही संस्था घेतल्यापासून एआय प्रोजेक्टसाठी सीपीएमएआय हे वेगळं सर्टिफिकेटही आलंय, आणि त्याचीही चौकशी सुरू आहे.

माझं मत आधीच सांगतो. या कौशल्याने आपली किंमत वाढते, पण थोडा काळ. शेजारच्याला ते येईपर्यंत. टिकाऊ किंमत आहे ती एआयने लिहिलेलं प्रत्यक्ष कामाशी ताडून बघण्याची. आणि ही ताडून बघण्याची सवय ज्या कामातून लागते, नेमकं तेच काम आपण आता नव्या मुलामुलींच्या हातून काढून घेतोय. धागा काढायचं खरं कारण हे आहे.

चॅटजीपीटी आलं 30 नोव्हेंबर 2022 ला. त्याच्या कितीतरी आधी, मार्च 2019 मध्ये, गार्टनर या सल्लागार कंपनीने भाकीत केलं होतं की प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं तेव्हाचं 80 टक्के काम 2030 पर्यंत एआयमुळे संपेल. त्यांचा रोख होता माहिती गोळा करणं, प्रगतीचा मागोवा ठेवणं आणि रिपोर्ट बनवणं यांवर. आकडा खरा ठरो न ठरो, दिशा बरोबर होती. आपला आठवडा कसा जातो ते आठवा. सोमवारी सगळ्या लीडच्या (टीमप्रमुखांच्या) मागे लागून अपडेट घ्यायचे, मंगळवारी ते एका साच्यात बसवायचे, बुधवारी क्लायंटच्या कॉलचे मिनिट्स (बैठकीच्या नोंदी), गुरुवारी स्टीअरिंग कमिटीची स्लाइड, शुक्रवारी पुढच्या आठवड्याचा प्लॅन. यातलं लिहिण्याचं बहुतेक काम कोपायलटसारखी एआय टूल आता मिनिटांत करतात, आणि चांगलं करतात. दीडशे पानांच्या आरएफपीतून (क्लायंटच्या निविदेतून) आपल्यावर येणाऱ्या जबाबदाऱ्या वेगळ्या काढणं, रिस्कच्या यादीचा पहिला खर्डा, चिडलेल्या क्लायंटला शांत शब्दांत उत्तर, युएटीसाठी (क्लायंटच्या अंतिम चाचणीसाठी) टेस्ट सिनारिओ, या सगळ्यासाठी मी रोज वापरतो. त्याशिवायच्या दिवसांकडे परत जायची मला अजिबात इच्छा नाही.

आता दुसरी बाजू. आपल्या धंद्यात कलिंगड स्टेटस म्हणतात ते सगळ्यांना ठाऊक आहे: वरून हिरवं, कापलं की लाल. एआयमुळे ही कलिंगडं वाढताना मला दिसतायत. कारण साधं आहे. लीड जे लिहून पाठवतो ते आधीच सौम्य केलेलं असतं. त्याचा सारांश टूल आणखी गुळगुळीत करतं. त्या सारांशाचा सारांश डिलिव्हरी हेडकडे जातो. प्रत्येक पायरीवर 'पण', 'अजून', 'बहुधा' हे गळत जातात.

विम्याच्या प्रोजेक्टमधलं एक उदाहरण देतो. लीडने लिहिलं होतं, "डेटा मायग्रेशन 90 टक्के. जुन्या पॉलिसींचे नॉमिनीचे काही रेकॉर्ड बघायचे बाकी." सारांशात आलं, "डेटा मायग्रेशन अंतिम टप्प्यात." वाक्य खोटं नाही. पण विम्याचं काम ज्याने केलंय त्याला हे वाचताच धडकी भरेल. राहिलेले दहा टक्के म्हणजे सर्वात जुन्या पॉलिसी. त्यांचे नॉमिनी कागदावर, स्कॅन अस्पष्ट, नावांची स्पेलिंग तीन प्रकारची, आणि शाखेतून फाइल मागवल्याशिवाय सुटका नाही. त्या दहा टक्क्यांना आधीच्या नव्वदइतकाच वेळ लागू शकतो. ते ओळखून लीडला फोन करणं आणि "काही म्हणजे किती?" हे विचारणं, यालाच मी प्रोजेक्ट मॅनेजरची किंमत म्हणतो. तो फोन कुठलंही टूल करत नाही.

वाचलेल्या तासांचाही प्रश्न आहे. 2025 मध्ये मेटर या संशोधन संस्थेने 16 अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपरांना 246 कामं दिली. काही एआय वापरून करायची, काही न वापरता. काम संपल्यावर त्यांना वाटत होतं की एआयमुळे आपण 20 टक्के जास्त वेगात काम केलं. मोजलं तेव्हा 19 टक्के जास्त वेळ लागला होता. अभ्यास छोटा आहे, टूल तेव्हाची आहेत, आणि त्यातले डेव्हलपर स्वतःच्या कोडबेसचे मुरलेले जाणकार होते. तरी एस्टिमेट करणाऱ्या माणसाने हे लक्षात ठेवायला हवं: वेळ वाचल्याची भावना आणि वाचलेला वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि खरोखर वाचलेला वेळ जातो कुठे? मला दिसतं ते असं: दोन प्रोजेक्ट बघणाऱ्याला तिसरं मिळतं. पगार तोच. लीडशी निवांत बोलायला जो वेळ मिळायला हवा होता तो तिसऱ्या प्रोजेक्टच्या कॉलमध्ये जातो, आणि मग सारांशावर विसंबून राहण्याशिवाय गत्यंतर राहत नाही.

तुमच्या क्षेत्रात काय चाललंय? केवळ आयटी नको, इतरांचंही ऐकायचंय.

---

हिंजवडीकर

धागा आवडला, पण "थोडा काळ" याच्याशी असहमत. फिक्स्ड बिडच्या (ठरलेल्या रकमेच्या) एका प्रोजेक्टमध्ये मी मूळ एसओडब्ल्यू (करारातला कामाचा तपशील), सगळे चेंज रिक्वेस्ट आणि क्लायंटच्या ईमेल एकत्र देऊन विचारलं की स्कोपबाहेरचं आपण फुकटात काय काय केलंय. दोन वर्षांचा पसारा होता. हाताने केलं असतं तर महिना गेला असता, म्हणजे कुणी केलंच नसतं. यादी आली, मी एकेक ओळ तपासली, निम्म्याच्या आसपास टिकली. त्यावर क्लायंटशी बोलणी झाली आणि पैसे मिळाले. प्रॉम्प्ट कुणीही लिहील, पण काय विचारायचं हे करार कळणाऱ्यालाच सुचतं. कराराची जाण आणि हे टूल एकत्र आलं की किंमत खरीच वाढते, आणि टिकते.

---

कोथरूडकर

@हिंजवडीकर, निम्मी टिकली हे तुम्ही ठरवलंत. ती यादी न तपासता क्लायंटसमोर ठेवली असती तर पहिल्याच चुकीच्या ओळीवर सगळी बोलणी बसली असती. ऑस्ट्रेलियात 2025 मध्ये हेच झालं. डेलॉइटने तिथल्या सरकारी खात्याला दिलेल्या सुमारे 4 लाख 40 हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या अहवालात अस्तित्वात नसलेले संदर्भ निघाले, न्यायालयाच्या निकालातलं म्हणून दिलेलं एक अवतरणही बनावट निघालं, आणि कंपनीला पैशांचा काही भाग परत करावा लागला. तुमचा अनुभव मला माझ्याच बाजूचा वाटतो.

---

साईट_इंजिनिअर

बांधकामातलं सांगतो. आमच्याकडे रोजचा डीपीआर (कामाच्या प्रगतीचा अहवाल) आता मुलं फोनवर बोलून टाकतात आणि एआय तो नीट लिहून देतं. किती मजूर, किती घनमीटर काँक्रीट, कुठल्या मजल्याचं शटरिंग. खरोखर सोय झाली आहे, कारण दिवसभर उन्हात उभा राहिलेला मुलगा संध्याकाळी काय लिहिणार?

पण आमच्या धंद्यात कागदाला किंमत येते ती सहीने. सरकारी कामात हिंडरन्स रजिस्टर असतं. जागा ताब्यात मिळाली नाही, ड्रॉइंग उशिरा आलं, पाऊस लागला, हे त्या-त्या दिवशी लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्यायच्या असतात. पुढे मुदतवाढ मागताना सगळी भिस्त त्यावर. एआयकडून मुदतवाढीचं पत्र झकास लिहून मिळतं, पण रजिस्टरमध्ये नोंदच नसेल तर त्या पत्राचा उपयोग शून्य. मोजमाप पुस्तकाचं तेच. आणि खासगी कामात महारेराच्या (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या) नियमाने ठेवलेल्या प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यातून पैसे काढायचे तर आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए यांची प्रमाणपत्रं लागतात. "इतकं काम झालं" म्हणून सही करणारा माणूस उत्तरदायी असतो.

वेळापत्रकाबद्दलही बोलतो. जुन्या कामांच्या आकड्यांवरून एआय अंदाज देतं, ते ठीक. पण कोकण रेल्वेचं बघा. सह्याद्रीच्या कातळातले बोगदे एका गतीने झाले, आणि मऊ मातीचे नऊ बोगदे होते तिथे सगळी गणितं मोडली, माणसंही गेली. गोव्यातला पेडण्याचा बोगदा शेवटपर्यंत छळत राहिला, आणि मार्ग पूर्ण खुला व्हायला 26 जानेवारी 1998 उजाडला. कातळाच्या आकड्यांवरून मातीचा अंदाज बांधता येत नाही. आपल्या पायाखाली काय आहे हे जागेवर उभं राहूनच कळतं.

---

जळगावचा

एक बाजू अजून कुणी मांडली नाही म्हणून लिहितो. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो. टेक्निकल कामात कधी कमी पडलो नाही, पण प्रोजेक्ट मॅनेजर व्हायची वेळ आली की अडायचं ते इंग्रजीपाशी. क्लायंटला एस्कलेशनचं (वरपर्यंत नेलेल्या तक्रारीचं) उत्तर लिहायचं तर एक ईमेल चारदा वाचायचो आणि शेवटी दुसऱ्या कुणाला दाखवायचो. माझ्याहून कमी काम कळणारे पण फाडफाड इंग्रजी लिहिणारे लोक पुढे गेले. तक्रार नाही करत, होतं तसं सांगतोय.

आता मी मुद्दे मराठी-इंग्रजी मिसळून लिहितो आणि एआय ते नीट करून देतं. मग वाचून बघतो की माझं म्हणणं तसंच आलंय ना. माझ्यासारखे लातूर, धुळे, चंद्रपूरहून आलेले खूप जण आहेत. त्यांच्यासाठी या टूलने किंमत वाढवली नाही, जी आधीपासून होती ती दिसायला लागली. त्यामुळे "हे तर सगळ्यांनाच येईल" हे ऐकून मला वाईट वाटत नाही. सगळ्यांना येऊ दे.

---

भरतीवाली

@जळगावचा, मनापासून +१. मुलाखतीत मला हा फरक स्पष्ट दिसतो. पूर्वी सीव्ही वाचूनच काही लोक मागे पडायचे.

पण त्याचीच दुसरी बाजू अशी की आता सगळे सीव्ही सारखेच देखणे असतात आणि त्यावरून काहीच कळत नाही. म्हणून मी पद्धत बदलली. उमेदवाराला एआयकडून बनवलेला प्रोजेक्ट प्लॅन देते आणि सांगते, हा क्लायंटला पाठवायच्या आधी वाचा. त्यात दोष असतात, काही मी घातलेले, काही टूलने स्वतःच केलेले. युएटी नेमकी दिवाळीच्या आठवड्यात. एकच डीबीए (डेटाबेस सांभाळणारा) दोन समांतर कामांवर पूर्ण वेळ. टेस्ट एन्व्हायर्नमेंट पहिल्या दिवशी तयार मिळणार असं गृहीत धरलेलं. बँकेच्या प्रोजेक्टमध्ये गो-लाइव्ह (नवी सिस्टिम प्रत्यक्ष सुरू करणं) 31 मार्चला! ज्यांनी प्रत्यक्ष प्रोजेक्ट ओढून नेलाय ते ही शेवटची ओळ बघून खुर्चीतून उठायचेच बाकी असतात. नुसती सर्टिफिकेटं असलेले फॉन्ट आणि रंगांबद्दल बोलतात.

जॉब डिस्क्रिप्शनमध्ये एआय कौशल्य सर्रास लिहिलेलं असतं हे खरं. ते नसेल तर सीव्ही पुढे जात नाही, आणि नुसतं ते असेल तर मुलाखतीतून पुढे जात नाही.

---

नवशिकी

मी पीएमओमध्ये (सगळ्या प्रोजेक्टांवर लक्ष ठेवणाऱ्या विभागात) कोऑर्डिनेटर आहे, नोकरीला लागून फार काळ झाला नाही. धागा वाचून लिहावंसं वाटलं, कारण कोथरूडकर सर ज्या नव्या मुलामुलींबद्दल बोलतायत त्यातलीच मी एक.

आमच्याकडे मिनिट्स टूल घेतं. माझं काम म्हणजे ते कॉपी करून पाठवणं. सुरुवातीला बरं वाटलं. मग एकदा मॅनेजर मॅडमनी विचारलं, "व्हेंडरचा लीड आज एवढा गप्प का होता?" मला उत्तर देता आलं नाही, कारण मी ऐकतच नव्हते. टूल ऐकतंय म्हणून मी दुसरं काम करत होते. नंतर कळलं की त्यांची दोन माणसं सोडून जाणार होती. मिनिट्समध्ये ते कसं येणार? कुणी बोललंच नव्हतं.

आणि आमच्या मीटिंगा मराठी, हिंदी, इंग्रजी सगळ्याची भेळ असतात. मराठीत बोललेलं बऱ्याचदा गळतं किंवा भलतंच उमटतं. अडचणी सांगताना माणसं आपल्या भाषेत बोलतात, म्हणजे नेमकं महत्त्वाचं तेच जातं.

माझा प्रश्न असा: हे काम मी कुठे शिकू?

---

म्युनिकवासी

@नवशिकी, तुमची पोस्ट दोनदा वाचली. इथलं सांगतो. जर्मनीत कर्मचाऱ्यांवर नजर ठेवता येईल असं कुठलंही टूल आणायचं तर कामगार प्रतिनिधींच्या मंडळाची संमती कायद्याने लागते. त्यामुळे मीटिंगचं रेकॉर्डिंग आपोआप चालू होत नाही. युरोपच्या एआय कायद्यानुसार 2 फेब्रुवारी 2025 पासून एआय वापरणाऱ्या कर्मचाऱ्यांना त्याची पुरेशी समज देणं ही कंपनीची जबाबदारी आहे. म्हणजे इथे एआयचं कौशल्य ही एकट्या माणसाने शनिवार-रविवारी कोर्स करून मिळवायची गोष्ट राहिली नाही.

माझं निरीक्षण: रेकॉर्डिंग चालू असलं की लोक जपून बोलतात. म्हणून महत्त्वाच्या रिस्कची चर्चा मी मुद्दाम रेकॉर्डिंग बंद करून घेतो आणि नोंदी स्वतः लिहितो. पुण्याच्या टीमशी बोलताना तर हे फार जाणवतं. रेकॉर्डिंगमध्ये सगळं वेळेवर होणार असतं, आणि कॉलनंतर फोन येतो, "दादा, जरा अडचण आहे."

---

हिंजवडीकर

जरा कटू बोलतो. किंमत वगैरे ठीक, पण जुलै 2025 मध्ये टीसीएसने सुमारे 2 टक्के, म्हणजे बारा हजारांवर लोक कमी करायचं जाहीर केलं, आणि त्यात भर मधल्या आणि वरच्या फळीवर होता. कंपनीने कारण एआय नाही, कौशल्य आणि गरज यांचा मेळ बसत नाही हे आहे, असं सांगितलं. कारण काहीही असो, आपल्या फळीतल्या माणसाच्या घरी त्या आठवड्यात काय बोलणं झालं असेल याची कल्पना आपण करू शकतो. गृहकर्ज चालू, मुलं बारावीत. अशा वेळी "जागेवर उभं राहून कळतं" हे एचआरला कसं दाखवणार? त्यांच्या रकान्यात तास आणि सर्टिफिकेटंच मोजतात. म्हणून मी लोकांना सांगतो, कोर्स करा, रकाना भरा, त्यात कमीपणा मानू नका.

---

कोथरूडकर

@हिंजवडीकर, कोर्स करूच नये असं माझं म्हणणं नाही. रकाना भरावाच. माझा आग्रह एवढाच की त्या रकान्यात दुसराही आकडा मागा: एआयच्या मसुद्यात पकडलेल्या आणि क्लायंटपर्यंत न पोचलेल्या चुका. आम्ही टीममध्ये अशी नोंद ठेवायला सुरुवात केली आहे. मसुद्यात काय होतं, प्रत्यक्षात काय होतं, कुणी पकडलं, त्याने काय वाचलं. मॅनेजमेंटला गोष्टी सांगून पटत नाही, पण "ही तारीख अशीच गेली असती तर करारानुसार दंड बसला असता" हे पटतं.

@जळगावचा, तुमचा मुद्दा धाग्यात आला हे फार बरं झालं. आपल्याकडे कामाची जाण आणि इंग्रजी यांची गल्लत इतकी वर्षं चालली की ती गल्लत आहे हेच अनेकांना दिसत नाही.

@नवशिकी, तुमच्या प्रश्नावर विचार करून लिहितोय. आमच्याकडच्या कोऑर्डिनेटरसोबत आम्ही असं करतो: मीटिंगमध्ये ती स्वतःच्या वहीत नोंदी घेते. बोललेलं सगळं नको. कोण अडखळलं, कोणी विषय बदलला, कुठली तारीख कुणीच उच्चारली नाही, एवढंच. नंतर टूलचे मिनिट्स आणि वही शेजारी ठेवून दोघं बसतो. वहीत आहे आणि मिनिट्समध्ये नाही अशा मुद्द्यांचे मग ती फोन करते. फोन तिनेच करायचा, मी नाही. सुरुवातीला लोक तिला उडवून लावायचे, आता स्वतःहून सांगतात. यासाठी वरिष्ठाने अर्धा तास द्यावा लागतो. वाचलेल्या तासांतला अर्धा तास इथे जायलाच हवा, आणि तो मागायचा तुम्हाला हक्क आहे. तुमच्या मॅडमनी तो प्रश्न विचारला म्हणजे त्यांना हे कळतं. त्यांच्याशी बोला.

---

साईट_इंजिनिअर

@नवशिकी, आमच्याकडे नवा मुलगा आला की पहिले काही आठवडे त्याला ऑफिसात बसवत नाही. फोरमनबरोबर हिंडायचं. संध्याकाळी डीपीआर वाचून सांगायचं की यातलं काय त्याने डोळ्यांनी बघितलं आणि काय फक्त ऐकलं. तुमच्याकडे साईट नसली तरी टेस्टिंगवाल्यांच्या शेजारी बसता येईल. बग कसे येतात ते बघा.

---

नवशिकी

सर्वांचे आभार. मॅडमशी बोलले. पुढच्या सोमवारच्या कॉलपासून वही घेऊन बसणार आहे, आणि टेस्टिंगच्या टीमबरोबर आठवड्यातून एक दुपार मिळाली आहे.

@भरतीवाली ताई, ते दोष असलेले प्लॅन सरावासाठी मिळतील का? क्लायंटचं नाव-गाव काढून.

---

भरतीवाली

क्लायंटचे नाहीतच, मीच बनवलेले आहेत, त्यामुळे द्यायला हरकत नाही. वेगळा धागा काढते. उत्तरं लगेच टाकणार नाही. आधी सगळ्यांनी आपापल्या परीने शोधा. साईट_इंजिनिअर, तुम्ही बांधकामाचा एक प्लॅन द्याल का? आयटीवाल्यांना त्यातले दोष सापडतात का ते बघायचं आहे.

---

साईट_इंजिनिअर

देतो. सात मजल्यांच्या इमारतीचा आहे. पावसाळ्याकडे लक्ष ठेवा.